कोरडा चौकोन

फलटणच्या रामाची शपथ, माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर हा हात तुळशीच्या मातीत घालून सांगते, पुढं जे ऐकाल त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

एवढ्या शपथा घ्यायची वेळ माझ्यावर आणली माझ्या नातीनं. जुई अमेरिकेहून सुट्टीला आली होती. दुपारची जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली, आणि स्क्रीन माझ्याकडं वळवून म्हणाली, "आजी, हे ओळखतेस का?"

हिरवे-पिवळे चौकोन, मधून निळी नदी, कोपऱ्यात बोटाएवढा घोडेस्वार. आणि सुरू होताना वाजते ती तुतारी. माझ्या अंगावर काटाच आला. तिनं सांगितलं, जुने खेळ आता परत निघालेत. मोठी झालेली माणसं आठवण काढून विकत घेतात आणि खेळत बसतात. तिच्या बापानंही घेतलाय म्हणे. रविवारी खेळतो, एकटाच.

"बाबा म्हणाले, तू पण खेळायचीस. मला वाटलं ही पण बिबट्यासारखी थाप असणार."

बिबट्याचं असं की, आम्ही कॅनॉल कॉलनीत राहत असताना एक बिबट्या माझ्या स्वयंपाकघरात शिरला, पातेल्यातलं दूध प्यायला आणि साय तेवढी ठेवून गेला, कारण त्याला साय आवडत नव्हती. हे मी अख्ख्या कॉलनीला सांगितलेलं आहे. तशीच कालव्यात आलेली मगर, आणि ड्रायव्हरला चक्कर आली म्हणून मी दहिवडीपर्यंत चालवत नेलेली एस.टी. लोकांना माझं खरं कुठं संपतं ते कळत नाही, याला मी काय करणार. पण हे तसलं नाही. जुईला सांगितलं तेच आता तुम्हाला सांगते.

तिचा बाप, म्हणजे माझा धैर्यशील, पुण्याला इंजिनिअरिंगला होता तेव्हाची गोष्ट. सुटे भाग गोळा करून त्यानं एक कॉम्प्युटर जोडला आणि दिवाळीला एस.टी.च्या मागच्या सीटवर मांडीत घेऊन घरी आणला. येताना गचके बसून एक कोपरा चेपला होता. त्यात हा राज्याचा खेळ. एक नकाशा, त्यात तुमचं एक राज्य आणि शत्रूचं एक. आपली पाळी आली की गावं वसवायची, शेतं पिकवायची, सैन्य हलवायचं आणि बटण दाबून पाळी सोडायची. मग दुसऱ्यानं बसायचं. दुसरा आठ दिवसांनी बसला तरी चालतं, खेळ आहे तिथं थांबून राहतो. दोघांचा एकेक सरदार असतो, तो लढाया करून करून शहाणा होत जातो. धैर्यानं त्याच्या सरदाराला स्वतःचंच नाव दिलं. माझी होती आक्कासाहेब. पहिल्या महिन्यातच आक्कासाहेबांनी त्याची दोन गावं जाळली.

पाळी हा शब्द आमच्या घरात पाण्याच्या पाळीवरून आला, उगाच हसू नका. आमचे हे, ज्ञानदेव भोईटे, पाटबंधारे खात्यात कॅनॉल इन्स्पेक्टर होते. कुणाच्या शेताला कधी पाणी, किती वेळ, हे बघण्यात त्यांची नोकरी गेली. ज्याची पाळी त्यालाच पाणी. मधेच कालव्याचं दार उचलून कुणी पाणी वळवलं तर सायकलवर जाऊन त्याला तोंडावर चोर म्हणायचे. एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याला त्यांनी दुसऱ्याच्या पाळीचं पाणी घेऊ दिलं नाही, तर आमची बदली झाली थेट दुष्काळी भागात. तरी सुधारले नाहीत. बोलणं कमी आणि खोटं तर अजिबात नाही. मी वांगी चढ्या भावानं आणली म्हणून शेजारणीसमोर जरा कमी भाव सांगावा, तर हे मागून खरा आकडा सांगणार. बिबट्याची गोष्ट रंगात आली की हे उठून चप्पल घालायला लागत.

त्या दिवाळीत माझ्या खुर्चीमागं उभे राहून ते खेळ बघायचे. एकदा म्हणाले, "मी बसू का जरा?"

मी म्हटलं, "तुम्हाला घोडा आणि गाढव यातला फरक कळत नाही, राज्य कुठलं सांभाळताय."

धैर्या हसला. हे पण हसले, आणि बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसले.

धैर्या अमेरिकेला निघाला तेव्हा विमानतळावर मी रडले नाही, कारण खेळ चालू राहणार होता. त्यानंच युक्ती काढली होती. मी माझी पाळी खेळायची, ती फ्लॉपीवर घ्यायची, बाबांनी फ्लॉपी घेऊन एस.टी. स्टँडसमोर बागवानांच्या नेट कॅफेत जायचं आणि तिथून पाठवून द्यायची. तिकडं तो त्याची पाळी खेळणार, परत पाठवणार, आणि बाबा ती फ्लॉपीवर घेऊन येणार. फ्लॉपीला धूळ चालत नाही, ऊन चालत नाही. म्हणून ती रुमालात गुंडाळून सासूबाईंच्या पितळी पानाच्या डब्यात ठेवायची. रविवारी भाजीला जाताना ह्यांच्या पिशवीत तळाला हा डबा असायचा.

आणि एक नियम त्यानं घालून दिला. फोनवर खेळाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. म्हणाला, "आई, तुझं तोंड मला माहीत आहे. तू बोलण्याच्या भरात तुझं सैन्य कुठं लपवलंय ते सांगून टाकशील आणि मग मला लढायला मजा येणार नाही."

मी नियम पाळला. फोन महिन्यातून एकदा यायचा. तब्येत, हवा, भाव, नातेवाईक, झालं, ठेवतो. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. फोन काय, उपचार असतो. खरं बोलणं आमचं नकाशावर चालायचं. त्यानं घोडेस्वार उत्तरेच्या खिंडीत आणून ठेवले की मला कळायचं, पोरगा आज चिडलेला आहे. नुसतंच गाव सजवत बसला की कळायचं, दमलाय.

शेजारच्या मोहितेबाईंचा मुलगा सिंगापूरला. तो तिला चॉकलेटं पाठवायचा, ती आम्हाला एकेक वाटायची आणि चांदीचे कागद परत गोळा करून न्यायची. मी तिला एकदा ऐकवलं, "तुझा चॉकलेटं पाठवतो. माझा दर आठवड्याला माझ्याशी युद्ध करतो." तिला काही कळलं नाही, पण तोंड पडलं.

वर्षभरानंतर त्याचा खेळ बदलला. आधी तो वेशीवर येऊन अंगावर यायचा. आता धीमा झाला. लढाई करायचा, पण अशी की शेवटी मीच जिंकावं. आक्कासाहेबांची कीर्ती वाढत चालली. आणि तो पाट काढायला लागला. सैन्याचा खर्च पाटावर. एक गाव वसवलं की आधी पाट, मग तट. त्याचं सगळं राज्य निळ्या रेघांनी भरून गेलं.

मी ह्यांना म्हटलं, "बघा, रक्त कसं असतं. पोरगा अमेरिकेत बसून तुमच्यासारखे कालवे खणतोय."

हे पेपर वाचत होते. म्हणाले, "चांगलं आहे की."

"चांगलं कसलं. लढाई विसरला. पण विचारी झालाय हो, पूर्वी नुसता धसमुसळा होता."

ह्यांनी पेपर उलटला. त्या दिवसांत त्यांना रविवारी यायला उशीर व्हायला लागला होता. आधी अर्ध्या तासात यायचे, आता जेवणं खोळंबायची. नेट हळू चालतं म्हणायचे. येताना भाजी सुकलेली, पण निरोप ताजा असायचा. आईला सांगा गुडघ्याला तेल लावत जा. आईला म्हणावं तुझ्या हातची शेंगदाण्याची चटणी इथं कुठंच मिळत नाही. आईच्या वायव्येकडच्या गावाला पाणी कमी आहे, तिथं शेती करू नको म्हणावं. हे शेवटचं ऐकून मी हसले होते. शत्रूला कुणी सल्ला देतं का. पण मुलगा आहे, म्हटलं, माया येतेच.

ते वायव्येचं गाव माझं लाडकं होतं. त्याला मी माहेर असं नाव दिलं होतं. अगदी वेशीवर, लिंबाच्या झाडाशेजारी. पाणी काही केल्या पोचत नव्हतं. नदी धैर्याच्या हद्दीत होती.

मी ह्यांना टोचायची संधी सोडायची नाही. "बघा, समुद्रापलीकडून पोरगा माझ्यासाठी वेळ काढतो. तुम्ही ह्याच घरात असता, दिवसाकाठी चार शब्द बोलता का माझ्याशी?"

हे म्हणायचे, "पाणी तापलंय, अंघोळ करून घे."

एकदाच मी नियम मोडला. फोनवर न राहवून म्हणाले, "तुझे पाट बघितले बरं का, राजे." तिकडून धैर्या म्हणाला, "हो हो आई, बरं, ठेवू का, मीटिंग आहे." मला वाटलं, नियम मोडला म्हणून रागावला.

अशी वर्षं गेली. त्याचं लग्न झालं, जुई झाली, कॉम्प्युटर जुना झाला, पंखा ट्रॅक्टरसारखा वाजायला लागला. मोहितेबाईच्या नातवानं नवा घ्या म्हणून सांगितलं. मी म्हटलं, नव्यात फ्लॉपी जात नाही.

मग तो मे महिना आला. एका रविवारी हे कॅफेतून रिकाम्या हातानं आले. डबा नाही. म्हणाले, "धैर्याची पाळी अजून व्हायची आहे. अवघड जागा आहे म्हणतो. पुढच्या रविवारी देतो म्हणाला."

"घाबरला आक्कासाहेबांना," मी म्हटलं.

"असेल," हे म्हणाले, आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले. मग कुंड्यांकडं गेले.

तो पुढचा रविवार त्यांना मिळाला नाही. मधल्या एका सकाळी, अर्ध्या गालाला दाढीचा साबण लावलेला, हातात ब्रश, मोरीच्या दारातच बसले. मी चहा गाळत होते. हाक मारली तर उत्तर नाही. नेहमीही नसायचंच, म्हणून मी दोन कप भरून मग बाहेर आले.

धैर्या तिसऱ्या दिवशी आला. सगळं नीट केलं त्यानं. रडला पण. सून आणि जुई येऊ शकल्या नाहीत, तिकिटं नव्हती. तेरावं झालं, पाहुणे पांगले, मांडव निघाला. तो बॅग भरायला बसला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला मुंबईला निघायचं होतं. मी दारात उभी राहून म्हटलं, "धैर्या, जायच्या आधी तुझी राहिलेली पाळी खेळून जा. बाबांनी फ्लॉपी बागवानांकडंच ठेवलेली दिसते."

तो शर्टाच्या घड्या घालत होता. "कसली पाळी?"

"राज्याची."

"कुठल्या राज्याची?"

मला वाटलं, दुःखानं पोराचं डोकं जड झालंय. मी त्याला हाताला धरून कोपऱ्यात नेलं, कॉम्प्युटरवरचा क्रोशाचा रुमाल काढला. तो हसला. खूप दमलेलं माणूस हसतं तसं.

"आई, हे अजून आहे? अगं तो खेळ मी तिकडं गेल्यावर वर्षभरात सोडला. वेळच मिळेना. बाबांना तसं कळवलं होतं, की मला जमणार नाही, आईला समजावून सांगा. सांगितलं नाही त्यांनी तुला?"

बघा आता. आयुष्यभर मी थापा मारल्या. बिबट्या, मगर, एस.टी. कधी जीभ अडखळली नाही. त्या दिवशी मात्र क्रोशाचा रुमाल परत घालता घालता शब्द जुळवावे लागले.

"सांगितलं होतं की," मी म्हटलं. "माझ्याच ध्यानात राहिलं नाही."

"वाटलंच," धैर्या म्हणाला, आणि घड्या घालायला गेला.

सकाळी मी एकटी बागवानांच्या कॅफेत गेले. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई बाहेर पडली म्हणून रस्त्यावर दोघी-तिघींनी बघितलं, बघू देत. रफिक बागवान आमच्या धैर्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. मला बघून खुर्चीतून उठले, आतल्या कोपऱ्याकडं हात केला.

सगळीकडं चपटे नवे कॉम्प्युटर, आणि त्या कोपऱ्यात एकच जुना, पिवळा पडलेला. समोरच्या खुर्चीवर उशी. उशीचा अभ्रा माझ्या जुन्या हिरव्या इरकलीचा. ती उशी घरातून नाहीशी झाली तेव्हा मी मोलकरणीवर आळ घेतला होता. बाजूला पितळी डबा.

"हे मशीन मी केव्हाच भंगारात घालणार होतो, काकू," बागवान म्हणाले. "दादांसाठी ठेवलं. ह्यातच फ्लॉपी जाते. कॅफे उघडायच्या आधी येऊन दारात उभे असायचे."

मी उशीवर बसले नाही. स्टूल घेतलं. विचारलं, "खेळता यायचं त्यांना?"

"आधी नाही यायचं. मीच शिकवलं. मग माझ्यापेक्षा चांगलं यायला लागलं." बागवान जरासे हसले. "एकेका चालीला किती वेळ घ्यायचे. मी म्हणायचो, दादा, एवढा काय विचार. तर म्हणायचे, हरायचं आहे, पण तिला संशय येता कामा नये. जिंकणं सोपं आहे म्हणायचे."

आक्कासाहेबांच्या सगळ्या लढाया माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या.

"आणि निरोप?"

बागवान दाराकडं गेले. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला कॉम्प्युटर दाखवून परत आले. म्हणाले, "निरोप त्यांना सुचायचे नाहीत. मला विचारायचे, तुमचा मुलगा त्याच्या आईला काय काय म्हणतो हो. मी सांगायचो. त्यातलं एखादं घोकत घरी जायचे. चटणीचं आमच्या आसिफचं होतं, तेव्हा तो हॉस्टेलला होता."

खोटं बोलायला त्या माणसाला दुसऱ्याचा मुलगा उसना घ्यावा लागला. गुडघ्याचं तेवढं त्यांचं स्वतःचं असावं.

मी उठले. डबा घेतला. पण पाय निघेना. मी म्हटलं, "एकदा तरी मला सांगायचं. मी काय खाल्लं असतं त्यांना?"

"मी पण तेच म्हटलं होतं. म्हटलं, दादा, सांगून टाका, काकू हसतील फार तर." बागवान डब्याकडं बघत बोलत होते. "तर म्हणाले, मुलगा आहे म्हणून खेळते. माझ्याशी कशाला खेळेल?"

बाहेर एस.टी.चा भोंगा वाजत होता. मी डबा उघडून रुमालातली फ्लॉपी बघितली.

मग त्यांनी शेवटच्या रविवारचं सांगितलं. त्या दिवशी ह्यांनी सगळ्या चाली केल्या, पण पाळी सोडली नाही. बरेच रविवार ते एक पाट वेशीकडं आणत होते. तो माझ्या माहेर गावाशी आणून भिडवला. एक चौकोन राहिला होता. त्यावर बोट ठेवून बसले, आणि मग उठले. बागवानांनी विचारलं तर म्हणाले, "धैर्या तिच्या गावाला पाणी देणार नाही. कुठलाच शत्रू देणार नाही. हा चौकोन दाबला की तिला कळेल मी कोण आहे. पुढच्या रविवारी दाबतो. आठ दिवस धीर गोळा करतो."

घरी येऊन मी फ्लॉपी घातली. पंखा ट्रॅक्टरसारखा वाजला, तुतारी झाली, आणि वर लाल अक्षरांत धैर्यशील असं नाव आलं. पाळी त्याची. पाट अगदी बागवान म्हणाले तसाच. कुठं वाकडा नाही, कुठं उतार चुकलेला नाही. नोकरीत काढले तसेच. लिंबाच्या झाडाच्या अलीकडं येऊन थांबलेला. मधे एक पिवळा, कोरडा चौकोन.

संध्याकाळी गाडी यायच्या आधी मी धैर्याला बोलावलं आणि सगळं सांगितलं. कॅफे, उशी, चटणी, सगळं. म्हटलं, "नाव तुझं आहे, पाळी तुझी आहे. बापानं तुझ्या नावानं इथवर पाणी आणलंय. तेवढा एक चौकोन दाबून जा."

तो खाली बसला. माऊसवर हात ठेवला. "कुठं?"

"तिथं. झाडाशेजारी."

त्यानं दाबलं. निळी रेघ सरकली, माहेरच्या भोवतालचं पिवळं एकेक करून हिरवं होत गेलं. तो बघत राहिला. मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "आई, तुझी पाळी."

आणि गेला.

इथवर ऐकून जुई मुसमुसायला लागली. नाक पुसत म्हणाली, "बाबांनी मला हे कधीच सांगितलं नाही." मी म्हटलं, "पुरुष माणसं सांगत नाहीत." तिनं मला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळीच विचारलं, "आजी, ती फ्लॉपी आहे का गं? फ्लॉपी वाचायचं छोटं यंत्र मिळतं, मी मागवते. बाबांनी दाबलेला चौकोन मला बघायचाय. फोटो काढून त्यांना पाठवते."

मी म्हटलं, ओल लागून खराब झाली. टाकून दिली.

जुई परत गेली. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. शपथ घेतलीय, आणि रामाच्या देवळावरून रोज जायचं असतं. सगळं खरं आहे, एक सोडून. धैर्या खाली बसला नाही.

ऐकलं त्यानं सगळं, उभ्यानं. एक हात बॅगेवर. ऐकून झाल्यावर म्हणाला, "बाबा पण ना." तेवढ्यात फाटकात गाडीनं हॉर्न दिला. त्यानं स्क्रीनकडं नजर टाकली, घड्याळाकडं टाकली आणि म्हणाला, "आई, गाडी थांबलीय. तूच दाब ना. कोण बघतंय."

कोण बघतंय. दार उचलून पाणी चोरणारे ह्यांना जन्मभर हेच सांगायचे.

डबा कुठं आहे ते मी सांगणार नाही. फ्लॉपी चांगली आहे, जुना कॉम्प्युटरही माळ्यावर आहे, मोहितेबाईच्या नातवाला सांगितलं तर एका दुपारात चालू करून देईल. खरंच कुणी बघत नाही. एक बोट, की माहेर हिरवं होईल.

पण ती पाळी माझी नाही.